काकूंचा पांगुळगाडा

दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा’ असं पत्र आलं, तेव्हा मी सूनबाईला म्हटलं, “सुताराच्या धंद्यात लिहिण्यासारखं काय असतं गं? दार केलं, दार बसवलं, दार करकरलं, तेल घातलं, संपलं.” सूनबाई इथल्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, “मामंजी, तुम्ही डॉक्टरांबरोबर हाडं मोडलेल्यांच्या घरी जायचात ना, ते लिहा. मी स्वच्छ अक्षरात उतरवून देते.” माझं अक्षर मुळातच कोंबडीने उकरल्यासारखं, त्यात सध्या उजव्या कोपराला रंधा लागून खरचटलंय. म्हणून लिहायचं मी, उतरवायचं तिने, आणि शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या तर त्याही तिच्याच.

मी विश्राम, दिवेआगरचा सुतार. स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन-तीन वर्षांत आमच्या शेजारच्या गावात दवाखाना निघाला आणि एक तरुण डॉक्टर आले. सायकलवरून हिंडायचे. एकदा त्यांचा निरोप आला, “विश्रामला म्हणावं, चांगली सरळ फळी घेऊन ये. माणसाच्या बगलेपासून टाचेखाली चार बोटं, एवढी लांब.” एक म्हातारबुवा पडवीत घसरले होते आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मी जाऊन माप घेतलं, फळी तासली, कडा गुळगुळीत केल्या, मोठ्या ऐटीत नेली. डॉक्टरांनी लावून बघितली तर आखूड!

“कुठल्या पायाचं माप घेतलंस?”

“मोडक्या पायाचं. फळी त्यालाच बांधायची ना?”

डॉक्टर कपाळाला हात लावून हसले. खुबा मोडला की तो पाय आखूड होतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलतं. म्हणून माप घ्यायचं ते चांगल्या पायाचं. एवढी साधी गोष्ट, पण मला पंचविसेक वर्षं धंदा करून ठाऊक नव्हती. त्या दिवसापासून मी डॉक्टरांचा सुतार झालो. फळ्या करायच्या, खाटेच्या पायथ्याशी विहिरीवर असते तशी कप्पी बसवायची, तिच्यावरून दोरी सोडून वाळूची पिशवी टांगायची, म्हणजे पाय ताणलेला राहतो. खाटेच्या पायथ्याच्या दोन खुरांखाली चिरे द्यायचे, नाहीतर त्या वजनाने माणूसच खाली सरकत येतो. असं तीन-तीन महिने.

डॉक्टर मला सांगायचे, “विश्राम, म्हाताऱ्या माणसाला हाड मारत नाही, खाट मारते.” पडून पडून पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, भूक मरते. मी केलेल्या कितीतरी फळ्या महिन्या-दीड महिन्यात परत आल्या, त्या कशा ते सांगायला नको. त्यातली एकही मी दुसऱ्या कामाला वापरली नाही. चुलीतही घातली नाही. नुसती मागच्या पडवीत उभी करून ठेवत गेलो.

तेव्हापासून मला एक खोडच लागली. कुणी पडलं म्हटलं की मी आधी विचारायचो, “कुठे?” आणि जाऊन ती जागा बघायचो. सुताराला जागा दिसते. कुणी उंच उंबरठ्याला अडखळलेलं, कुणी नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर, कुणी पाखाडीवरच्या शेवाळावर. पाखाडी म्हणजे आमच्या गल्ल्या, जांभ्या दगडांनी बांधलेल्या. पावसाळ्यात त्या हिरव्यागार होतात, दिसायला फार सुंदर.

दिघीचा एक म्हातारा तांडेल होता, होडीचा मुख्य. तो तर लाजेने मला तोंडच दाखवेना. म्हणाला, “पन्नास वर्सं होडीत हुबा ऱ्हायलो. तुफानात कवा पडलो न्हाय. आन् पोरानं घरात गुळगुळीत कोबा केलान्, तवा आपटलो. लोकांना काय सांगू?” बिचाऱ्याचा नुसता दंड मोडला होता, पण अब्रू गेली असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, “तांडेल, होडीत दोर धरून चालता ना? मग घरात दोर धरायला कसली लाज?” खाटेपासून दारापर्यंत कमरेच्या उंचीवर जाड दोर ताणून दिला. पुढे तो आल्यागेल्याला तो दोर दाखवायचा आणि म्हणायचा, “ही माजी होडी.”

काठ्यांच्या बाबतीत मात्र मी स्वतःच गुन्हेगार. छातीपर्यंत उंच काठी आणि तिला खाली चकचकीत पितळी शेंबी, ही माझी ख्याती होती. लोक बोर्लीपासून यायचे. डॉक्टरांनी एकदा ती काठी ओल्या चिऱ्यावर टेकवली आणि सर्रकन सरकवून दाखवली. “ही काठी आहे की घसरगुंडी?” हात खाली सोडून सरळ उभं राहिल्यावर काठी मनगटाला येईल एवढीच हवी, आणि खाली पितळ नाही, सायकलच्या जुन्या टायरचं रबर हवं. मी घरोघर जाऊन माझ्याच शेंब्या उपटून आणल्या. त्या उपटताना काय वाटलं ते माझं मला ठाऊक.

आता अंबूकाकूंचं सांगतो. खरं तर त्यांच्याचसाठी हे लिहायला बसलोय.

काकू आमच्या पाखाडीच्या टोकाच्या वाडीत एकट्या राहायच्या. वय सत्तरीच्या पुढे, नवरा जाऊन जमाना झालेला, मुलगा वसंता मुंबईला नोकरीत. बाई काटक, आणि जीभ अशी की कैरीच्या फोडी कराव्यात. मला लहानपणापासून ओळखणाऱ्या, म्हणून ‘मेल्या’शिवाय हाक नाही. आषाढात त्या विहिरीपाशी पडल्या आणि डाव्या हाताचं मनगट मोडलं. वसंता धावत आला, पावसात लाँच बंद म्हणून मोटारीने बोर्लीला आणि तिथून बैलगाडीने. हाताला प्लॅस्टर बघून त्याचा चेहरा उतरला. माझ्यासमोरच तो आईला म्हणाला, “आता एकदा जरी पडलीस ना, तर घराला कुलूप. मग मी काही ऐकणार नाही, मुंबईला यायचं.”

तो गेल्यावर काकू मला म्हणाल्या, “तिसऱ्या मजल्यावर एक खोली, त्यात ती पाच माणसं. मी तिथे जाऊन कुणाच्या पायात येऊ? इथे मी कुणाच्या पायात नाही रे, विश्राम. इथे माझी विहीर, माझी फुलं, माझा देव. मला इथून हलवलंत तर मी वाटेतच मरेन.” हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापलेला ऐकला. मला फार वाईट वाटलं. मी मनात ठरवून टाकलं की काकूंना आता पडू द्यायचं नाही.

वसंता जाताना काठी करायला सांगून गेला होता. काकू काठीला हात लावेनात. “काठी धरून पाखाडीने गेले तर लोक विचारतील, अंबू म्हातारी कधी झाली?” मग मी एक युक्ती केली. देवाची फुलं काढायला आम्ही लांब आकडी वापरतो, टोकाला फांदी ओढायचा आकडा असलेली. शिवणीच्या लाकडाची हलकी आकडी केली, खाली रबर बसवलं, आणि बरोबर काकूंच्या मनगटाच्या उंचीवर एक गुळगुळीत खुंटी ठोकली. म्हटलं, “ही फुलांची परडी अडकवायला.”

काकूंनी खुंटी धरली, आकडी टेकली, दोन पावलं टाकली आणि माझ्याकडे बघितलं. “परडी कुठे अडकवायची ते मला कळतं हो, मेल्या.” पण आकडी घेतली. पुढच्या महिन्याभरात गावातल्या चार म्हाताऱ्यांनी माझ्याकडून ‘खुंटीची आकडी’ करून घेतली. त्यातल्या एकीच्या दारात फुलझाडच नव्हतं.

उंबरठा तासायला काकू वाकस लावू देईनात, लक्ष्मीची जागा म्हणे. मग मी दोन्ही बाजूंनी उतरत्या फळ्या बसवल्या. शेवाळ खरवडून काढलं. स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीच्या वाटेवर, तुळशीच्या जरा अलीकडपर्यंत बांबूचा कठडा केला. सगळं झाल्यावर मी अंगणात उभा राहून बघितलं आणि माझी छाती फुगली. आता या घरात पडून दाखवावं कुणी!

श्रावणात एका सोमवारी मी खिडकीची कडी दुरुस्त करायला गेलो. माजघराच्या भिंतीला नुकताच चुना दिलेला. त्या पांढऱ्या भिंतीवर ओल्या हाताचा फराटा दिसला, पाची बोटं उमटलेला. पण तो जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. उभ्या माणसाचा हात तिथे जात नाही, बसलेल्याचाही सहसा जात नाही.

“काकू, हा हात इतक्या खाली कसा?”

काकू पदराने भिंत पुसायला लागल्या. “मांजर पडलं असेल.”

“मांजराला पाच बोटं असतात?”

तशा त्या मटकन पाटावर बसल्या आणि मला म्हणाल्या, “सकाळी पडले. काही झालं नाही, उठले आपली आपण. तू कुणाला सांगायचं नाहीस. वसंताला नाही आणि त्या सायकलवाल्यालाही नाही. तो लगेच पत्र टाकेल. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.” आणि माझा हात घेऊन त्यांनी खरंच स्वतःच्या गळ्यावर ठेवला. काय करणार मी? “नाही सांगत,” म्हटलं.

सांगितलं नाही. उलट मी सुतारासारखा विचार करत बसलो. जागा धुंडाळली. जमीन कोरडी, सपाट, ना उंबरठा ना खळगा. अडखळावं असं काही सापडेना. म्हटलं, असेल काहीतरी, आणि भिंतीला आणखी एक कठडा ठोकून आलो. झालं माझं समाधान.

भाद्रपदात गणपतीला वसंता आला. ऋषिपंचमीच्या सकाळी आरडाओरडा ऐकून मी धावलो. काकू अंगणात पडलेल्या. कठड्याच्या शेवटापासून तुळशीपर्यंतच्या सहा पावलांत, अगदी सपाट जागी. अंगावर विहिरीवरचं ओलं लुगडं. पाय आखूड झालेला आणि पाऊल बाहेर कललेलं. मला फळीचं माप घ्यायचीही गरज नव्हती, मी बघूनच सांगितलं असतं.

डॉक्टर आले. तपासलं, बांधलं, आणि उठता उठता विचारलं, “मनगटानंतर मधे कधी पडल्या होत्या का?”

“नाही,” वसंता म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

काकूंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दुखण्यातही ते डोळे मला बजावत होते. मी ‘हो’ म्हटलं तर त्यांच्या दाराला कुलूप लागणार हे मलाही दिसत होतं. पण पडवीत उभ्या केलेल्या त्या परत आलेल्या फळ्याही मला दिसत होत्या. मी म्हटलं, “पडल्या होत्या. श्रावणात. मला माहीत होतं.”

काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. वसंता माझ्या अंगावर ओरडला, “तू घरचा माणूस, विश्राम! एक कार्ड टाकता येत नव्हतं?” मी मान खाली घातली. त्याचं काही चुकलं नव्हतं.

डॉक्टर मात्र ओरडले नाहीत. त्यांनी काकूंच्या हाताची नाडी धरली आणि विचारलं, “श्रावणात कुठला वार होता?”

“सोमवार,” मी म्हटलं.

“म्हणजे उपास. आणि आज?”

“ऋषिपंचमी,” वसंता म्हणाला. “पहाटेपासून पाणीसुद्धा घेतलं नाही तिने.”

“आणि आषाढात मनगट मोडलं ती एकादशी होती. मी प्लॅस्टर घालताना त्यांनी मला साबुदाण्यावरून टोमणा मारला होता, आठवतंय मला.” डॉक्टर माझ्याकडे वळले. “काकू अडखळल्या नाहीत रे. त्यांना चक्कर येते. रिकामं पोट, ओलं लुगडं पायांना गुंडाळलेलं, आणि डोळ्यांत मोतीबिंदू. मला श्रावणातच सांगितलं असतंस तर एका मिनिटात कळलं असतं.”

समोर खुंटीला पंचांग लटकत होतं. तिन्ही वेळचं पडणं त्यात छापलेलं होतं, आणि मी महिनाभर उंबरठे मोजत बसलो होतो. सगळं घर बघितलं, फक्त काकूंकडे बघितलं नाही. आजही ही गोष्ट आठवली की मला स्वतःचा राग येतो.

काकूंना हलवता येण्यासारखं नव्हतं, म्हणून कुलूप लांबणीवर पडलं. खाटेला कप्पी मीच बसवली, वाळूची पिशवी मीच भरली. शेजारणी पाळी लावून त्यांचं करायच्या. मी रोज जाऊन दोरी बघायचो, पण काकू माझ्याशी एक अक्षर बोलत नसत. मी गेलो की डोळे मिटून घ्यायच्या. असे दोन महिने गेले. मग एक दिवस मी निघालो असताना मागून आवाज आला, “ती कप्पी करकरते. झोप लागत नाही. तेल घाल.”

मी असं तेल घातलं की ते ठिबकून सगळी जमीन तेलकट झाली. “आता मला मारायला निराळं काही करायला नको,” काकू म्हणाल्या. मी ते पुसता पुसता हसत होतो आणि डोळे गळत होते.

वसंता रजा संपवून जाताना अट घालून गेला होता. “माघात येईन. तोवर आई आपल्या पायांनी विहिरीपर्यंत जाऊन परत आली तर राहू दे तिला इथे. नाहीतर उचलून लाँचमध्ये घालणार.” डॉक्टरांनीही आपली अट घातली. उपास सोडा असं म्हणाले नाहीत, हुशार माणूस. म्हणाले, “उपास करा, पण दूध, केळी, राजगिरा वेळेवर पोटात जायला हवा. आणि ओलेत्याने चालायचं नाही, विहिरीवर बसून कोरडं नेसायचं.” काकू म्हणाल्या, “दूध उपासाला चालतं, हे आता हा मला शिकवणार!” पण घ्यायला लागल्या.

हाड सांधलं, पण पाय काड्यांसारखे झाले होते. आकडी धरून उभ्या राहिल्या की थरथरायच्या. एका बाजूचा आधार पुरेना. डॉक्टर म्हणाले, “चारी बाजूंनी धरता येईल असं काहीतरी हवं.” मी घरी येऊन विचार करत बसलो, आणि समोर माझ्याच दुकानात अर्धवट झालेला एका पोराचा पांगुळगाडा पडला होता.

तोच मोठा केला. काकूंच्या मनगटाच्या मापाने, फणसाच्या लाकडाचा, समोर आडवा दांडा. पहिल्या झटक्यात चाकंही लावली आणि आधी स्वतः धरून बघितला. तो सुसाट पुढे, मी मागे, आणि शेवटी मी भुसकटाच्या ढिगात. चाकं काढून टाकली, चार पाय केले, खाली रबर. उचलायचा, टेकायचा, मग पाऊल टाकायचं.

काकूंनी तो बघितला आणि दांड्यावरून हात फिरवला. “विश्राम, वसंताला चालायला शिकवलं ते तुझ्या बापाने केलेल्या पांगुळगाड्यावर.” मग हळूच, “खुळखुळा नाही लावलास?”

माघात वसंता आला. डॉक्टरही मुद्दाम आले. काकू दारातून निघाल्या. उचल, टेक, पाऊल. उतरत्या फळीवरून उतरल्या. कठड्याच्या बाजूने गेल्या. कठडा संपला तिथे थांबल्या. पुढे तीच सहा पावलं. वसंताने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. काकू पडलेल्या जागी पोहोचल्या, एकदा खाली बघितलं, आणि तिथून पुढे विहिरीपर्यंत गेल्या. तिथे वळल्या आणि ओरडल्या, “अरे नुसते बघत काय उभे राहिलात? आकडी आणा कुणीतरी. एवढ्या लांब आलेय तर चार फुलं घेऊन जाते.”

वसंता तिथेच पायरीवर बसला आणि पोरासारखा रडला. त्याने कुलपाचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर सहा वर्षं काकू त्याच घरात राहिल्या, आणि तापाचं निमित्त होऊन आपल्या अंथरुणात गेल्या. पुन्हा पडल्या नाहीत. मधे एकदा मी धीर करून विचारलं, “काकू, मी शपथ मोडली त्याचा राग आहे का अजून?” त्या म्हणाल्या, “तू सांगितलंस म्हणून मी दोन महिने बोलले नाही. श्रावणातच सांगितलं असतंस तर सहा महिने बोलले नसते. पण पाय शाबूत राहिला असता.” हे मी कधी विसरलो नाही.

जाताना त्यांनी वसंताला सांगून ठेवलं होतं, “पांगुळगाडा विश्रामला परत दे. त्याला लागेल.” तो गावात पुष्कळ घरी जाऊन आला, अगदी दिघीच्या तांडेलापर्यंत. त्याने त्याला शीड लावायचं तेवढं बाकी ठेवलं. सध्या तो आमच्या माळ्यावर आहे.

आता सूनबाई, इथपर्यंत उतरवत आलीस, तर जरा टाक खाली ठेव. हे छापायचं की नाही ते तू ठरव, पण वाच. माझ्या कोपराला रंधा लागलेला नाही. दोन वर्षांत मी रंधा हातात धरलेला नाही, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं, पण तू माझ्यावर विश्वास ठेवलास. गेल्या आठवड्यात मी मोरीच्या दाराशी पडलो. जागा सपाट आणि कोरडी होती. तू शाळेत होतीस. मी आपला आपण उठलो, जमीन पुसली, आणि कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी संकष्टी होती. माळ्यावरचा पांगुळगाडा खाली काढायला मी उद्या स्वतःच शिडी लावणार होतो. पण आधी तुला सांगतोय.